सतरावा आणि अठरावा प्रश्न

मुलांनो, पुस्तक जरा मांडीवर ठेवा आणि आपला उजवा हात समोर धरा. नीट पाहा. बोटं किती बारीक आहेत, मनगट केवढं आहे, कोपर किती लांब आहे. आता कल्पना करा की हा हात तुम्हाला एका म्हशीच्या तोंडात घालायचा आहे. दाढा चुकवून, जिभेवरून, थेट घशापर्यंत. आत गरम आहे, बुळबुळीत आहे. तिचा श्वास तुमच्या तोंडावर येतो आहे. जीभ कानशीसारखी खरखरीत लागते आहे, आणि तिनं तोंड मिटलं तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे.

अंगावर काटा आला ना? येऊ द्या. पण ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिच्या घरात या कामाला कुणी भीत नसे. तिच्या वडिलांना ते चांगलं येत होतं, आणि येतं याचा त्यांना अभिमान होता.

मुलीचं नाव त्रिवेणी. सातवीत होती. तिचे वडील अप्पाराव, आई पद्मावती. तारनाक्याच्या पुढे रेल्वेच्या लांब भिंतीमागे त्यांचा गोठा होता, आणि गोठ्याला लागून दोन खोल्यांचं घर. अप्पारावांचे आजोबा भालकीकडची कोरडवाहू जमीन भावाच्या हवाली करून दोन म्हशी घेऊन हैदराबादला आले होते. आता म्हशी पाच होत्या. पहाटे धार काढायची, रेल्वेच्या क्वार्टरांत दूध घालायचं, मग मोटारसायकलला दोन पोती बांधून आबिड्सला जायचं. तिथल्या रसवाल्यांकडे मोसंबीच्या पिळलेल्या सालींचा ढीग पडलेला असे. त्या साली भरून आणायच्या. म्हशी त्या आवडीनं खात.

कधी कधी एखादी म्हैस हावरटपणा करी, आणि अर्धी मोसंबी न चावताच गिळायला जाई. मग ती घशात बसे. म्हैस मान ताठ करी, लाळ गाळी, डोळे पांढरे करी. अशा वेळी आसपासच्या गोठ्यांतून अप्पारावांना बोलावणं येई. जीभ बाजूला ओढून ते हात आत घालत, मोसंबी काढत, आणि ती सगळ्यांना दाखवून उकिरड्यावर फेकत. "अप्पाचा हात आत गेला की म्हैस उठली," असं लोक म्हणत.

त्या वर्षी त्रिवेणीनं एका परीक्षेला नाव दिलं होतं. जामबागच्या एका मराठी शाळेत मार्चच्या शेवटी शहरातल्या मराठी मुलांसाठी सामान्य ज्ञानाची परीक्षा होई. पहिल्या दहांत येणाऱ्याला आठवीला तिथे प्रवेश मिळे. यंदाचा विषय जीवशास्त्र. अवघड काही नाही. प्राणी, झाडं, आपलं शरीर. रविवारच्या मराठी वर्गाच्या माधवीबाईंनी शंभर प्रश्नोत्तरांची वही तिला दिली होती. त्रिवेणी इंग्रजी शाळेत शिकत होती, घराबाहेर तेलुगू आणि दखनी बोलत होती. मराठी वाचायची म्हणजे ती बोट ठेवून वाची. म्हणून धारेच्या वेळी वडिलांनी तिची परीक्षा घ्यायची असं ठरलं होतं. अप्पारावांना वाचता येत नव्हतं. त्रिवेणीच प्रश्न वाची, त्रिवेणीच उत्तर सांगे, आणि बरोबर की चूक ते अप्पाराव ठरवत.

"तुम्हाला कसं कळतं हो बाबा?"

"उत्तर येत नसलं की तुझा आवाज रिकाम्या चरवीतून आल्यावानी येतो. वाच पुढचा."

"गाईला पोटं किती? पोट एकच, कप्पे चार."

"हे पुस्तकात हाय? आमच्या आजाला ठावं होतं. पुढचा."

"वटवाघूळ हा पक्षी आहे का? नाही. सस्तन प्राणी. पिलांना दूध पाजतो."

"दूध?" अप्पारावांचा हात थांबला. "मग त्याची धार काढायला लई उंच चढावं लागंल की."

शेण भरता भरता पद्मावती हसली. "हसवू नका तिला. पाठ होऊ द्या."

"म्हैस कोणत्या वर्गात मोडते? सस्तन. रेबीज कोणाला होतो? सर्व सस्तन प्राण्यांना. रेबीजचे विषाणू कोठे असतात? लाळेत. रेबीज कशावर हल्ला करतो? मेंदूवर."

"बरोबर. पुढचा."

महिनाभर असं चाललं. शंभर उत्तरं त्रिवेणीला पाठ झाली, आणि ऐकून ऐकून अप्पारावांनाही.

परीक्षा रविवारी होती. शुक्रवारी सकाळी बेगमनं दाणा खाल्ला नाही.

बेगम म्हणजे त्यांची थोरली म्हैस. चालताना मान अशी धरी की जणू रस्ता तिच्यासाठीच झाडलाय, म्हणून ते नाव. ती सात महिन्यांची गाभण होती, आणि दूध आटवून तिची धार बंद केलेली होती. टोपलीतल्या साली तिनं हुंगल्या आणि तोंड फिरवलं. खालच्या ओठातून लाळेची जाड तार जमिनीपर्यंत लोंबत होती.

"मोसंबी बसली," अप्पाराव म्हणाले. "त्रिवेणी, दोर आण."

त्या दिवशी सकाळीच हिरवा मका कापताना विळा त्यांच्या तळहाताला लागला होता. अंगठ्याच्या खाली दोन बोटं लांब चीर. त्यावर पद्मावतीनं चिंधी बांधली होती. पद्मावतीनं वेसण धरली, त्रिवेणीनं दोर आवळला, आणि अप्पारावांनी जीभ बाजूला ओढून हात आत घातला. कोपर दिसेनासं झालं. ते डोळे मिटून चाचपत राहिले.

"हाय का?" पद्मावतीनं विचारलं.

"नाही. खाली सरकली असंल."

हात बाहेर आला तेव्हा चिंधी आतच राहिली होती. चीर धुतल्यासारखी पांढरी दिसत होती. त्यांनी बादलीत हात बुडवला, धोतराला पुसला आणि ते दूध घालायला गेले.

दुपारी हिम्मतराव आले. ते अप्पारावांचे थोरले चुलतभाऊ. पलीकडच्या गल्लीत त्यांचाही गोठा होता. त्यांनी बांबूच्या नळीनं बेगमला पावशेर गोडं तेल पाजायला लावलं. सगळं तेल ओठांच्या कडांनी बाहेर आलं आणि अप्पारावांच्या छातीवर सांडलं.

"तुझ्या हातालाच गुण नाही राहिला, अप्पा," हिम्मतराव म्हणाले. "म्हातारा झालास." चार माणसं उभी होती. ती हसली. अप्पाराव पण हसले, पण त्यांचे कान लाल झाले.

शनिवारी बेगमचा आवाज बदलला. ती रेकायची, पण ते रेकणं नव्हतं. घसा बसलेल्या माणसानं ओरडावं तसा फाटका, लांब आवाज. थांबे, पुन्हा येई. मागचे पाय लटपटत होते. ती भिंतीला कपाळ घासत होती. घासून घासून तिथलं कातडं निघालं होतं, तरी घासत होती. बाकीच्या चार म्हशी दाव्याच्या टोकापर्यंत लांब सरकून उभ्या होत्या.

"मला हिचे डोळे बरे दिसत नाहीत," पद्मावती म्हणाली. "डॉक्टरला फोन करा."

"घशात हाय ते. मी काढतो." अप्पारावांनी पुन्हा हात घातला. या वेळी त्यांना बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा ते कुणाकडे न बघता म्हणाले, "माझ्या हाताला आत मावंना. बारीक हात पाहिजे होता."

ते त्रिवेणीनं ऐकलं.

तिसऱ्या प्रहरी अप्पाराव आबिड्सला गेले. पद्मावती दही पोचवायला क्वार्टरांत गेली. गोठ्यात त्रिवेणी एकटी होती. वही मांडीवर होती, पण तो आवाज आला की अक्षरं हलत. बेगमनंच तिला लहानपणी पाठीवर बसवून फिरवलं होतं. तिनं वही ठेवली. बाबांची सक्त ताकीद होती: माझ्याशिवाय कुणी तोंडात हात घालायचा नाही. तिनं दारातून बाहेर पाहिलं, कुणी नव्हतं. तिनं बाही वर केली, जीभ बाजूला ओढली आणि हात आत घातला.

आत काहीच नव्हतं. मोसंबी नव्हती, साल नव्हती. आणि दुसरी एक गोष्ट तिला विचित्र वाटली. घसा हाताभोवती आवळत नव्हता. बाबा म्हणायचे, आतून असा आवळतो की बोटं मोडतील. हा घसा ओल्या पोत्यासारखा सैल पडला होता. ती घाबरली, तिनं हात झटक्यानं ओढला, आणि दाढेची कड मनगटावर घासली. लालसर रेघ उमटली. बारीक बारीक रक्ताचे ठिपके आले.

तिनं नळाखाली हात धरला, लांब बाह्यांचा झगा घातला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी अप्पारावांनी तिला जामबागला आणलं. शाळेच्या फाटकाशी ते म्हणाले, "आवाज चरवीतून येऊ देऊ नको." मग समोरच्या हॉटेलाकडे गेले.

वर्गात साठ मुलं होती. माधवीबाई पर्यवेक्षणाला होत्या. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर पर्यायाला गोल करायचा. त्रिवेणी बोट ठेवून वाचत होती, पण उत्तरं येत होती. सोळा झाले.

सतरावा प्रश्न: म्हैस, वटवाघूळ आणि माणूस हे तिन्ही कोणत्या वर्गात मोडतात? तिनं "सस्तन"ला गोल केला.

अठरावा प्रश्न: लाळेतून पसरणारा रेबीज हा रोग कोणत्या प्राण्यांना होऊ शकतो? पर्याय अ, फक्त कुत्र्यांना. पर्याय आ, सर्व सस्तन प्राण्यांना. तिनं "आ"ला गोल केला.

पेन्सिल एकोणिसाव्याकडे गेली आणि तिथेच राहिली. तिनं पुन्हा सतरावा वाचला. पुन्हा अठरावा वाचला.

वहीत हे दोन प्रश्न शेजारी शेजारीच होते. महिनाभर तिनं ते म्हटले होते, बाबांनी "बरोबर" म्हटलं होतं, आणि मग "पुढचा" म्हटलं होतं. दोन्ही उत्तरं बरोबर होती. पण एक उत्तर दुसऱ्यावर ठेवून पाहावं असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं. पिसाळतं ते कुत्रं. म्हशीच्या घशात अडकते ती मोसंबी. गोठ्यात हे इतकं ठरलेलं होतं की पुस्तकातली गोष्ट पुस्तकातच राहिली.

म्हैस सस्तन. लाळ. माणूस सस्तन.

झग्याच्या बाहीखाली मनगट आपोआप गरम झाल्यासारखं वाटलं.

ती पेपर घेऊन टेबलाशी गेली. "बाई, रेबीज झालेल्या म्हशीला गिळता येतं का?"

"त्रिवेणी, परीक्षेत असं विचारायचं नसतं," माधवीबाई हळू म्हणाल्या. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "का गं? कुणाला गिळता येत नाही?"

"आमच्या बेगमला. लाळ गाळते. आवाज बदललाय. मागचे पाय लटपटतात."

"तिच्या तोंडात कुणी हात घातला?"

"बाबांनी. दोनदा. हाताला विळा लागलेला."

आणखी एक नाव सांगायचं होतं. ते तिच्या जिभेपर्यंत आलं आणि परत गेलं.

बाईंनी दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "बाहेर गेलीस तर पुन्हा आत घेता येणार नाही. नियम आहे."

"हौ बाई."

"बत्तीस प्रश्न राहिलेत तुझे."

"हौ."

माधवीबाईंनी दुसऱ्या बाईंना वर्गावर उभं केलं आणि स्वतः तिच्याबरोबर बाहेर आल्या.

अप्पाराव हॉटेलासमोर उभे राहून चहा पीत होते. त्रिवेणी लांबूनच त्यांच्या गळ्याकडे पाहत आली. घोट खाली जातोय का? गेला. दुसरा? गेला. तेव्हापासून त्या दिवसभर ती त्यांचा प्रत्येक घोट मोजत राहिली.

माधवीबाईंनी सगळं नीट समजावलं. साबणानं नळाखाली पंधरा मिनिटं हात धुवायचा. चुना, हळद, तिखट काही लावायचं नाही. आजच्या आज सरकारी दवाखान्यात सुया घ्यायच्या. रोग अंगात दिसायला लागण्याआधी घेतल्या तरच त्यांचा उपयोग. "एकदा दिसायला लागला की मग औषध नाही, अप्पाराव. कुणाकडेच नाही."

"हौ बाई, हौ," अप्पाराव म्हणाले. कपात चहा उरला होता, तो त्यांनी तसाच ठेवला. बाई आत गेल्यावर म्हणाले, "कुत्र्यानं चावलं का मला? बस गाडीवर. आधी बेगमला पाहू."

बेगम आडवी झाली होती. पाय हवेत मारत होती, आणि तो आवाज आता फक्त श्वासासारखा येत होता. पद्मावती दाराबाहेर पदर तोंडाला लावून उभी होती. तिनं डॉक्टरांना फोन केला होता. येईपर्यंत कुणी जवळ जाऊ नका, असं ते म्हणाले होते.

त्रिवेणीनं विचारलं, "आई, बेगमला कधी कुत्रं चावलं होतं?"

पद्मावती मटकन खाली बसली. "संक्रांत झाल्यावर. दुपारचं एक कुत्रं आत शिरलं होतं गं. मी काठी घेऊन हाकललं. हिच्या नाकपुडीला रक्त होतं. मला वाटलं खिळा लागला. मी हळद लावली. एवढंसं होतं. मी कामून नाही सांगितलं, कामून नाही सांगितलं..." ती कपाळावर हात मारून घेऊ लागली. त्रिवेणीनं तिचे हात धरले.

अप्पाराव दाव्याच्या खुंट्याकडे पाहत उभे होते. जखमेचा हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

त्रिवेणीनं त्यांना नळाशी नेलं. कपड्यांचा साबण घेतला. मोठ्यानं आकडे म्हणत ती त्यांचा हात चोळू लागली. नऊशेपर्यंत म्हणायचं, म्हणजे पंधरा मिनिटं. चीर उघडली, झोंबली, त्यांनी दात आवळले. त्याच फेसात तिनं स्वतःचं मनगटही चोळून घेतलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. अप्पाराव लहान मुलासारखे उभे होते. तीनशेच्या पुढे त्यांचे ओठही तिच्याबरोबर हलायला लागले.

सातशेला हिम्मतराव आले.

"दवाखाना?" सगळं ऐकून ते म्हणाले. "येडा झालास का अप्पा? तिथं नाव लिहितील, पत्ता लिहितील. क्वार्टरांत कळायला किती वेळ? अप्पाच्या गोठ्यात पिसाळलं म्हणतील. उद्यापासून तुझ्या दुधाला कुत्रं तोंड लावणार नाही."

"बेगम आटलेली होती, काका," त्रिवेणी म्हणाली. "तिचं दूध..."

"तू गप, डॉक्टरीण. अप्पा, कुत्रं चावलं तवा आपल्या आजानं काय केलं होतं? सात विहिरी पाहिल्या. सात विहिरींत वाकून आपलं तोंड पाहायचं. पाण्यात माणूस दिसला की विष उतरलं. कुत्रं दिसलं तर मग दवाखान्यात जाऊन तरी काय करणार?"

शेवटचं वाक्य ऐकून पद्मावतीच्या तोंडून आवाज निघाला. पण अप्पारावांच्या चेहऱ्यावर थोडी उभारी आली. सुई म्हणजे मान्य करणं. विहीर म्हणजे नुसतं वाकून पाहणं.

"विहिरी पाहून येतो," ते म्हणाले. "मग दवाखान्याचं पाहू."

त्रिवेणी न विचारता गाडीवर मागे बसली.

पहिली विहीर विद्यापीठाच्या जुन्या बागेत होती. तिच्यावर लोखंडी जाळी होती आणि पाणी फार खोल. अप्पाराव जाळीवर पालथे पडून पाहत राहिले. उठले तेव्हा कपाळावर जाळीचे चौकोन उठले होते. दुसरी एका देवळामागे; पाणी हिरवं, त्यात निर्माल्य. तिथे त्यांना आपलं तोंड दिसलं, असं ते म्हणाले. तिसरी प्लास्टिकच्या पिशव्यांनी काठोकाठ भरली होती. तीत पाहायचं काय?

चौथीसाठी ते तासभर फिरले. अप्पारावांना लहानपणी पाहिलेली एक बावडी आठवत होती. तिथे पाच मजली इमारत होती. वॉचमन खुर्चीत बसून केळं खात होता.

"बावडी? वो तो कब की मूंद दिये भई. अब उसपे लिफ्ट है. लिफ्ट में झांकते क्या?"

दुपारचे दोन वाजत आले होते. रस्ता तापलेला होता. अप्पाराव गाडीपाशी आले आणि किक मारायला पाय उचलला. पाय निसटला. पुन्हा मारला, पुन्हा निसटला. त्रिवेणी त्या पायाकडे पाहत होती. हे तेच दुखणं आहे का? की नुसती भीती? तिला कळेना, आणि कळत नाही याचीच तिला जास्त भीती वाटली.

"बाबा, पाणी प्या."

त्यांनी बाटली घेतली. प्यायले. घोट गेला.

"बाबा, म्हैस कोणत्या वर्गात मोडते?"

"आता नको गं."

"सांगा ना."

"सस्तन."

"रेबीज कोणाला होतो?"

"सगळ्या सस्तन प्राण्यांना."

"आणि माणूस?"

अप्पाराव गाडीच्या हँडलला धरून उभे राहिले. मग रस्त्याकडे पाहत म्हणाले, "मला ठावं हाय पोरी. बाई बोलत होत्या तवाच कळलं. पण तिथं गेलो, आणि ते म्हणले हौ, झालंय तुला, तर? इथं निदान विहिरी तरी शोधतोय. अजून चार हायेत."

त्रिवेणीनं झग्याची उजवी बाही कोपरापर्यंत वर केली आणि मनगट त्यांच्यासमोर धरलं. लाल रेघेवर खपली धरू लागली होती.

"हे काय?"

"काल तुम्ही म्हणालात, बारीक हात पाहिजे होता."

अप्पारावांनी तो हात धरला नाही. ते एक पाऊल मागे सरले. मग त्यांनी तिला दोन्ही काखांत धरून उचललं. आठ वर्षांत त्यांनी तिला असं उचललं नव्हतं. त्यांनी तिला सीटवर ठेवलं आणि किक मारली. पहिल्याच किकला गाडी चालू झाली.

दवाखान्यात रांग होती. एका खिडकीवर चिठ्ठी काढायची आणि पुढे पडद्याआडच्या खोलीत सुई. अप्पाराव माणसांतून वाट काढत खिडकीशी गेले आणि चिठ्ठी घेऊन आले. खोलीच्या दाराशी बाकावर चार माणसं बसली होती. एक मुलगा रडत होता. आत पांढऱ्या कपड्यांतल्या सिस्टर होत्या. त्यांच्या टेबलावर बर्फाची पेटी होती.

"रा अम्मा," त्या तेलुगूत त्रिवेणीला जवळ बोलावत म्हणाल्या. मग चिठ्ठी वाचून तोडक्या मराठीत, "म्हशीची लाळ? रक्त आलं होतं? साबणानं धुतलं? शाबास. पाच वेळा यायचं हां. एक पण चुकवायचं नाही. जखमेत पण एक सुई देणार, थोडं दुखेल. बस इथं."

त्रिवेणी स्टुलावर बसली. सिस्टरांनी बर्फाच्या पेटीतून बारीक बाटली काढली. सुईचं टोक चमकलं. तिनं वडिलांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते. जखमेचा हात सदऱ्याच्या खिशात खोल घातलेला होता.

"बाबा, तुमची चिठ्ठी?"

"आधी तुझं होऊ दे."

"तुमची कुठंय?"

"घेतो की. उद्या येतो मी. आज उशीर झालाय, धारेची वेळ झाली. तू भिऊ नको, मी इथंच हाय. हात दे त्यांना."

सिस्टर कापूस घेऊन वाट पाहत होत्या. "जल्दी, अम्मा. मागे लोक आहेत."

टेबलावरच्या चिठ्ठीवर एकच नाव होतं. ते तिला बोट न ठेवता वाचता आलं.

त्रिवेणी स्टुलावरून उठली. तिनं बाही मनगटापर्यंत खाली ओढली, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिला ती सुई हवी होती. आत्ता, या क्षणी हवी होती. दारात एक म्हातारी नातवाला घेऊन उभी होती. त्रिवेणी तिला म्हणाली, "आप जाओ दादी, पहले."

म्हातारी गेली. तिच्यामागे रडणारा मुलगा आला.

"त्रिवेणी!" अप्पाराव ओरडले.

"तुम भी जाओ," ती त्या मुलाला म्हणाली, आणि वडिलांकडे न पाहता चिठ्ठ्यांच्या खिडकीकडे पाहत राहिली.